उजनीचा तळ आधी पाहून ठेवला

उजनीवर मी आणि माझा मेहुणा चार वर्षं गळ घेऊन जातोय, पण कायम दिवाळीनंतर. तेव्हा धरण तुडुंब असतं, पलीकडचा काठ धुरकट दिसतो आणि आपण ल्युअर (गळ लावलेलं नकली आमिष) नेमका कशावर फेकतोय याचा पत्ता नसतो. चार हिवाळ्यांत तळाशी अडकून तुटलेल्या ल्युअरचा हिशेब मेहुण्याने माझ्या बायकोलाही सांगितलेला नाही, आणि ती त्याची सख्खी बहीण आहे. गेल्या थंडीत तर एकाच सकाळी सहा गेले. होडी वल्हवणारे मामा तेवढ्यावर म्हणाले, "पाव्हणं, खाली काय हाय ते बघायचं आसंल तर मे महिन्यात या. समदं उघडं पडतंय."

मामा आमच्या नात्यातले नव्हेत. पळसदेवच्या काठावर जाळी टाकणारे साठीचे गृहस्थ. पहिल्या वर्षी आम्ही भाड्याने होडी शोधत होतो तेव्हा भेटले आणि तिथपासून मामा झाले.

म्हणून ही एक नाही, दोन फेऱ्यांची गोष्ट आहे. मेमध्ये तीन दिवस तळ पाहायला आणि नोव्हेंबरमध्ये दोन दिवस त्याच जागांवर गळ टाकायला.

आधी थोडे आकडे, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच उभं आहे. भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं, जलाशयाचं नाव यशवंतसागर. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), पण त्यातला ६३.६६ टीएमसी मृत साठा. टक्केवारी मोजतात ती फक्त वरच्या ५३.५७ टीएमसीची. त्यामुळे पाणी मृत साठ्यात उतरलं की सोलापूरकडे लोक म्हणतात, "धरण मायनसमध्ये गेलं." पूर्ण भरल्यावरची पातळी ४९६.८३ मीटर, आणि मृत साठ्याची रेषा ४९१.०३ मीटर. फरक ५.८० मीटर. दोन मजली घराएवढी उंची, आणि त्यात ५३ टीएमसी पाणी! जमीन किती सपाट असेल बघा. पाणी वीतभर उतरलं की काठ शेतभर मागे सरतो. आम्ही चार वर्षं मोसमाप्रमाणे ल्युअरचे रंग बदलत बसलो होतो, आणि इथे मोसम म्हणजे काठच जागा सोडून जातो.

मे, पहिला दिवस

भिगवण मागे टाकून दुपारी चारला पळसदेवला पोचलो. नोव्हेंबरमध्ये जिथे होडी बांधलेली असते तिथे गाडी लावली आणि समोर पाहिलं, तर पाणी नाही. मका. गुडघ्याच्या वर आलेला हिरवागार मका, त्यापुढे कडवळ, त्यापुढे कलिंगडाचे वेल, मग भेगाळलेली काळी जमीन आणि पार शेवटी पाण्याची चकाकती रेघ. पाणी हटलेल्या जमिनीवर ही गाळपेर करतात. गाळाची जमीन, खत नको, फक्त पाणी मागे गेलं की लगोलग पेरायचं आणि ते परत यायच्या आत काढायचं. मकेला वळसा घालून मी बांधाबांधाने पुढे निघालो. डोक्यात होते जुने रस्ते, विहिरी, भिंती. पिकाकडे मी पाहिलंसुद्धा नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.

वाटेत पाइपच पाइप. शेतकऱ्यांच्या मोटारी पाण्याच्या मागे धावत असतात. काठ सरला की पाइप जोडायचा, तोही पुरला नाही की चारी खोदायची. एका चारीवर तिघं जण फावडी घेऊन घामाघूम झाले होते. आमच्या हातातल्या काठ्या बघून एकाने विचारलं, "मासं धरायला पुण्यावनं आलाय? आन् हितं आमी पाणी धरायलोय." यावर काय बोलणार.

काळ्या जमिनीवर ओळीने ताटाएवढे गोल खड्डे होते. शेकड्यांनी. मेहुण्याला ती म्हशींची पावलं वाटली. मामा हसले. चिलापीची, म्हणजे तिलापिया माशाची, घरटी ती. उथळ पाण्यात नर तोंडाने माती उकरून हा खड्डा करतो, मादी त्यात अंडी घालते आणि लगेच ती तोंडात घेऊन निघून जाते. पिल्लं तोंडातच वाढवते. नर मात्र खड्ड्यावर पहारा देतो आणि जवळ येईल त्याच्या अंगावर धावतो. अगदी बोटभर लांबीचा फिरत्या पात्याचा स्पिनर त्या खड्ड्यांवरून ओढला तर भूक नसली तरी चिलापी त्याला चावते, ती या रागापायी. आम्ही आजवर तिला गांडुळावरच धरत होतो. खड्डे काठाच्या किती जवळ, किती खोलीवर असतात हे कोरड्या जमिनीवर स्वच्छ दिसत होतं: माणसाच्या कमरेच्या वर पाणी जाईल अशा जागी एकही नाही.

आणि मग बाभळी. धरणात बुडून वर्षानुवर्षं मेलेल्या, काळ्या ठिक्कर, पण हाताला लागतील तिथे अजून काटे. त्यातल्या एकीच्या फांदीवर, माझ्या डोक्याच्या उंचीला, काहीतरी लुकलुकत होतं. मेहुणा पळत गेला. गेल्या डिसेंबरमध्ये तुटलेला त्याचा चंदेरी मिनो, बारक्या माशाच्या आकाराचा ल्युअर! गळ गंजून गेले होते, रंग एका बाजूने उडाला होता, पण डोळा शाबूत. पाणी तिथून निदान चारशे पावलं दूर होतं. "दाजी, म्हणजे आपण झाडावर मासे धरत होतो," तो म्हणाला. चार हिवाळ्यांचं सार त्याने एका वाक्यात काढलं.

मोबाइलच्या नकाशावर खुणा करत फिरलो. बाभळींचा घोळका. एक दगडी बांधलेली विहीर, गाळाने अर्धी भरलेली. एका वाड्याच्या जोत्याचे दगड. आणि जुना रस्ता, त्याच्यावर लहानशी दगडी मोरी. मोरीपाशी मामा थांबले. "ह्याच रस्त्यानं मी साळंत जायचो," एवढंच म्हणाले आणि बिडी पेटवली. मी खूण केली. खुणेला नाव काय द्यावं ते सुचेना, शेवटी "मोरी" असं लिहिलं.

मेमध्ये येणाऱ्यांसाठी एक सूचना: पाण्याच्या अगदी जवळची जमीन वरून सुकलेली दिसते, पण आत लोण्यासारखा गाळ असतो. माझा पाय मांडीपर्यंत गेला आणि चप्पल आजही तिथेच आहे. काठी टेकत चाला, आणि जिथे गुरांची पावलं उमटलेली नाहीत तिथे पाऊल टाकू नका.

रात्री मामींनी चिलापी केली. दोन्ही बाजूंनी खोल चिरा, मीठ-हळद-तिखट चोळून मुरवलेली, तव्यावर कडक. सोबत ज्वारीची भाकरी आणि वाटलेला शेंगदाण्याचा झणझणीत रस्सा. काटे मोठे असतात, त्यामुळे खायला सोपा मासा. "तुमच्या पुण्यात हिला नावं ठेवत्यात," मामी म्हणाल्या. ठेवतात खरी. मी तीन खाल्ल्या.

मे, दुसरा दिवस

पहाटे पाचला होडीत. आमचा पक्का समज: उन्हाळ्यात पहिला उजेड म्हणजे सोन्याची वेळ. पाणी मात्र पालक वाटून ओतल्यासारखं हिरवं होतं. पुणे-पिंपरीचं सांडपाणी नद्यांतून इथे येऊन साठतं, उन्हाळ्यात पाणी घटतं, आणि मग शेवाळ असं माजतं. हात बुडवला तर कोपराच्या खाली बोटं दिसेनात. पृष्ठभागावर सगळीकडे गोल-गोल तोंडं उघडत होती. कटला! मेहुण्याने थरथरत्या हाताने एकामागून एक पाच ल्युअर फेकले. एकालाही कुणी हुंगलं नाही.

मामा जाळं ओढत होते, ते सावकाश म्हणाले, "त्ये खायाला न्हाय आलेत. त्यास्नी दम लागलाय."

घरी येऊन विचार केल्यावर ते नीट बसलं. शेवाळ दिवसा उजेडात प्राणवायू सोडतं, पण रात्रभर तोच वापरतं. त्यामुळे अशा हिरव्या पाण्यात प्राणवायू सगळ्यांत कमी असतो तो नेमका सूर्योदयाच्या आधी. मासे वर येऊन तोंड उघडतात ते श्वासासाठी. शिवाय कटला ल्युअरचा मासा नाहीच. त्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं, पाण्याच्या वरच्या थरातलं बारीक प्लवंग गाळून खाणारा तो. त्याला पिठाचा गोळा हवा, तोही तळाशी नव्हे तर अधांतरी. रोहूला मधल्या थरात, मृगळ आणि सायप्रिनसला तळाशी. हिरव्या पाण्यावर पहाटे झोप काढावी, असं मी आता बेलाशक सांगतो. याला अपवाद मरळ. तिला हवेतून श्वास घेता येतो, तिचं पाण्यातल्या प्राणवायूवाचून अडत नाही.

साडेआठला ऊन चढलं, पश्चिमेचा वारा सुटला, पाण्याला लाटा आल्या आणि जसं काही कुणी बटण दाबलं. वारा ज्या काठावर आदळत होता तिथे फेस, कचरा, किडे जमा होत होते आणि त्यामागे बारीक मासळी. तिथे पाऊण तासात बोटभर स्पिनरवर सात चिलापी. रंग? गढूळ हिरव्या पाण्यात चंदेरी काही दिसतच नव्हता. मासे आले ते काळ्या आणि भडक पिवळ्यावर. कारण साधं आहे, एकाची सावली दिसते आणि दुसऱ्याचा झगमगाट. पातं जितकं रुंद, तितका त्याचा थरथराट लांब जातो.

मामांच्या जाळ्यात मात्र निम्मा माल वेगळाच होता: खवल्यांच्या जागी चिलखत घातल्यासारखा, काळा, खरखरीत सकर. काचेच्या टाकीतला शोभेचा मासा, कुणीतरी कधीतरी नदीत सोडला आणि आता धरणभर झाला. बाजारात कुणी घेत नाही आणि अंगावरच्या काट्यांनी जाळं फाडतो तो वेगळाच. मामा एकेक सोडवत शिव्या देत होते. त्या शिव्या मी लिहीत नाही. "आन् ही बारीक आसाची वडाप वाली मंडळी," वडाप म्हणजे बारीक छिद्रांचं जाळं ओढणाऱ्यांबद्दल ते पुढे म्हणाले, "बोटाएवढी पिल्लं उपसत्यात. मग मोठा मासा येणार कुटनं?"

परतताना पळसनाथाच्या देवळापाशी होडी नेली. एरवी नुसतं शिखराचं टोक दिसतं. आता सगळं देऊळ पाण्याबाहेर, दगडावर पांढऱ्या-करड्या पट्ट्या चढलेल्या, एकेक पट्टी म्हणजे पाण्याच्या एकेका पातळीची खूण. मंडपात शिरलो तर आत गारवा आणि वटवाघळांचा वास. लांबवर उथळ चिखलात रोहित पक्ष्यांची गुलाबी रेघ. मामा तिकडे होडी नेत नाहीत, आम्हीही म्हटलं नाही. एक गोष्ट मात्र सगळ्या गळवाल्यांनी पाळावी: तुटलेला तंगूस (गळाचा दोरा) काठावर टाकू नये. पक्ष्यांच्या पायात गुंतला की तो सुटत नाही.

दुपारी तीनला पुन्हा जायचं आमचं ठरलं होतं. मामा नाही म्हणाले. आकाश निरभ्र होतं, आम्ही हट्ट केला, त्यांनी ऐकलं नाही. साडेचारला पश्चिमेला काळी भिंत उभी राहिली, धुळीचा लोट आला आणि दहा मिनिटांत त्याच शांत पाण्यावर समुद्रासारख्या लाटा. आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये बसलो होतो आणि पत्रे थडथडत होते. त्या वेळी मामांनी कुगावच्या होडीची आठवण काढली. २१ मे २०२४ ला संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे येणारी होडी अशाच वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. इथल्या प्रत्येकाला ती तारीख पाठ आहे.

तेव्हा मेमध्ये होडी फक्त सकाळी, आणि लाइफ जॅकेट अंगावर, पायाखाली नाही. आणखी एक, आपल्या कार्बनच्या काठीतून वीज सहज जाते. गडगडाट ऐकू आला की ती आडवी ठेवून तिच्यापासून लांब व्हा. मासा चावत असला तरी. आणि वळवाच्या आधी तो हमखास चावतो, हाच तर घोळ आहे.

मे, तिसरा दिवस

निघायचा दिवस, त्यामुळे फक्त दोन तास. गाळपेरीच्या कडेला चारीच्या तोंडाशी गवत होतं, तिथे पाण्याखाली तांबूस-नारिंगी असा काहीतरी गोळा हलत होता. मरळीची पिल्लं! शेकडो, एकमेकांना चिकटून, दर थोड्या वेळाने श्वासासाठी वर उसळणारी, जणू पाणी उकळतंय. खाली आई-बाप असणारच. मेहुण्याने रबरी बेडूक बाहेर काढला. त्या पिल्लांजवळ बेडूक टाकला की मरळ डोळे मिटून झडप घालते, हे त्यालाही माहीत आणि मलाही.

"ठिवा त्ये," मामा एवढ्या जोरात ओरडले की बगळा उडाला. आई गेली की तासाभरात बाकीचे मासे पिल्लांचा फन्ना उडवतात. मेहुण्याने बेडूक डबीत टाकला आणि पुढची दहा मिनिटं आम्ही नुसते बघत बसलो.

घरी पोचलो तेव्हा मोबाइलवर १७ खुणा होत्या. मी त्या नकाशाची छापील प्रत काढली. अभिमानाने, हेही सांगून टाकतो.

नोव्हेंबर, पहिला दिवस

मधल्या काळात मामांना फोन चालू होते. जुलैत ते म्हणाले, "आमच्याकडं थेंब न्हाय, पर दौंडचा विसर्ग वाढलाय." उजनीचं असंच आहे. इंदापूर-करमाळ्याकडे आभाळ कोरडं असतं आणि पुण्याच्या वरच्या धरणांतून सोडलेलं पाणी दौंडवरून इथे येतं. नवं गढूळ पाणी आलं की रोहू, कटला, मृगळ त्या प्रवाहाकडे चढणीला लागतात, अंडी घालायला. त्या दिवसांत आम्ही जातच नाही. चढणीच्या माशाला धरणं म्हणजे पेरलेलं बी उकरून खाणं, असं मामांचं मत, आणि ते स्वतः तसं वागतात.

दिवाळी झाल्यावर पोचलो. धरण काठोकाठ. जिथे माझी चप्पल गेली तिथे आता चार-पाच मीटर पाणी असेल. हवा कोरडी, सकाळी स्वेटर लागेल अशी थंडी, पाणी मेच्या मानाने निवळलेलं. रोहित पक्षी एकही नाही; धरण भरलेलं असताना त्यांना उभं राहायला उथळ चिखलच उरत नाही. सुरय मात्र पाण्यावर घिरट्या घालत होते.

नकाशा काढला. विहिरीवर पहिला गळ. १२ ग्रॅमचं जिगहेड (वजनदार डोक्याचा गळ), त्यावर चार इंची रबरी मासा, तळापर्यंत सोडून सावकाश उचलत. काही नाही. जोत्यावर, काही नाही. बाभळींच्या कडेने खोल जाणारा क्रँकबेट ल्युअर, काही नाही. उलट दोनदा अडकला. साडेनऊपर्यंत अकरा खुणा झाल्या आणि डबीत एकही मासा नव्हता. मेहुणा काही बोलत नव्हता, त्याचं ते न बोलणं मला जास्त लागत होतं.

मामांनी वल्हं थांबवलं. "पाव्हणं, मे महिन्यात तुमी दगडं मोजली. मका कुटं हुता त्ये लिवलंय का?"

नव्हतं लिहिलं.

होडी काठाकडे वळली. अर्ध्या तासाने आम्ही त्याच मकेवर होतो. कणसं काढून नेली होती, पण धाटांची खुंटं जागेवर राहिली होती आणि पाण्याच्या कडेने जूननंतर उगवलेलं गवत कमरेएवढ्या पाण्यात उभं होतं, टोकं बाहेर. मामांनी खुंट उपटून दाखवलं. बुळबुळीत, आणि त्यावर किडे, गोगलगायी, बोटाच्या पेराएवढी मासळी आजूबाजूला. नवं पाणी जेव्हा हिरव्या रानावर चढतं तेव्हा ते रान पाण्याखाली कुजतं आणि सगळ्या बारीक जिवांचं जेवण होतं. त्यांच्यामागे चिलापी, चिलापीच्या पिल्लांमागे मरळ. पाणी अजून पुरतं गार झालेलं नाही, मग खोल दगडात कोण कशाला जाईल? "दगडं पौषात," मामा म्हणाले. "थंडी कडक पडली, गवात सडून संपलं, की मासा खाली जातो. मग सावकाश वढा, निजल्यागत. फाल्गुनात पाणी मागं सरायला लागलं की त्यो जुन्या नदीच्या पात्रात. मग तुमी-आमी बसायचं घरी."

इथे ल्युअरचं सांगतो. बुडालेल्या धाटांत तीन-तीन गळांचा कुठलाही ल्युअर टाकणं म्हणजे दान करणं. दोनच चालतात. एक, रबरी बेडूक. त्याचे दोन्ही गळ पाठीला चिकटून असतात, त्यामुळे तो गवतावरून सरपटत जातो. दुसरा स्पिनरबेट, एकच गळ वर तोंड केलेला, वरचं पातं खुंटांना बाजूला ढकलतं. काठी ताठ हवी आणि ब्रेडेड लाईन (विणलेला दोरा) ४० पौंड ताणाच्या खाली नको, कारण मरळ गळाला लागली की गवतात डोकं खुपसते आणि तिला उपटूनच काढावं लागतं.

बेडूक गवतातल्या एका मोकळ्या डबक्यात टाकला. दोन झटके, थांबा. दोन झटके, थांबा. तिसऱ्या थांब्याला "गप्" असा आवाज झाला आणि बेडूक होता तिथे भोवरा उरला. मी लगेच काठी ओढली. रिकामी. दुसऱ्यांदाही तेच. मरळ बेडूक नुसता तोंडात धरते, दाबते, मग गिळते. आवाज ऐकून ओढलं की तो तिच्या तोंडातून निसटतो. "एक, दोन, तीन म्हणा, मग वढा," मामा म्हणाले. हे ज्ञान माझ्याकडे चार वर्षांपासून होतं. पण तो आवाज झाल्यावर तीन आकडे म्हणायला जे काळीज लागतं ते वेगळं. तिसऱ्या वेळी मी मोठ्याने मोजलं. काठी वाकली, गवत हललं, आणि किलो-सव्वा किलोची मरळ गवताच्या जुडीसकट होडीत आली. दुपारपर्यंत आणखी दोन. मेहुण्याला स्पिनरबेटवर चिलापीच मिळाल्या, पण तळहाताहून मोठ्या.

एक मरळ ठेवली, दोन सोडल्या. मामांनी सोडताना कपाळाला हात लावला. बाजारात मरळीला काय भाव येतो हे त्यांना ठाऊक, पण "पाव्हण्यांचा मासा, पाव्हण्यांची मर्जी".

बाहेरून येणाऱ्यांसाठी: उजनीत मासेमारी परवान्यावर चालते आणि पाण्यावर अनेक कुटुंबांचं पोट आहे. काठावर बसून नुसता गळ टाकायचा असला तरी आधी तिथल्या मासेमारांना विचारा. लावलेल्या जाळ्यांचे तरंगते डबे दिसतात, त्यांच्या आसपास ल्युअर फेकू नका. एका गळाने फाटलेलं जाळं विणायला दुसऱ्याची दुपार जाते.

नोव्हेंबर, दुसरा दिवस

सकाळ पुन्हा मकेवर, पण रात्रीत थंडी वाढली होती आणि आठपर्यंत गवतात हालचाल नव्हती. ऊन पडल्यावर दोन चिलापी. सुरय एका जागी सूर मारत होते तिथे गेलो, बारीक मासळीचा थवा वर आला होता, पण खालून त्यांना हाकलणारा कोण ते कळलं नाही. दुपारी मामींच्या हातचा मरळीचा रस्सा. मासा घट्ट, काटे जवळजवळ नाहीतच, काळ्या मसाल्यात शिजवलेला. मी आणि मेहुण्याने त्या जेवणाबद्दल अजून घरी काही सांगितलेलं नाही.

संध्याकाळी पाचला मामा आपणहून म्हणाले, "चला, तुमच्या मोरीवर जाऊ."

मोरीवर मी आदल्या दिवशी गळ टाकलेला नव्हता. अकरा खुणांनंतर धीर सुटला होता. सूर्य टेकल्यावर मोबाइलवरच्या ठिपक्यावर होडी आणली. जिगहेड तळाला गेलं. मग अगदी सावकाश ओढत आणलं, आणि ब्रेडेड लाईनमधून बोटाला कळायला लागलं: मऊ, मऊ, मऊ, टक, टक, टक. रस्त्याची खडी. मग थोडं उंच, मोरीचा कठडा. मग एकदम खाली, पलीकडचा ओढा. सहा महिन्यांपूर्वी ज्यावरून चाललो होतो ते सगळं बोटांनी दिसत होतं.

चौथ्या वेळी कठड्यावरून खाली पडतानाच ल्युअर थांबला. जड. आधी वाटलं अडकला, मग अडकलेलं चालायला लागलं. शिंगटा. लांब मिशांचा, चंदेरी, दोन किलोच्या पुढचा. दिवसा हा जुन्या ओढ्यात, नदीच्या पात्रात खोल बसतो आणि अंधार पडताना अशा उंचवट्याच्या कडेला शिकारीला येतो. म्हणजे जागा बरोबर होती, मी फक्त सकाळी शोधत होतो. त्याच्या पाठीवर आणि दोन्ही कल्ल्यांमागे काटा असतो, तो लागला तर हात रात्रभर ठणकतो. ओल्या फडक्याने, कल्ल्यांच्या मागून धरायचा. मामांनी फडकं फेकलं, मी धरला.

"म्हंजी मी साळंला जायाचो त्या रस्त्यावर तुमी शिंगटा धरला," मामा म्हणाले आणि बराच वेळ हसत राहिले.

मेहुण्याला आता राहवेना. त्याने डबीतून तो मिनो काढला, तोच, बाभळीवर सापडलेला. त्याने नवे गळ बसवले होते, उडालेल्या बाजूला नखांचा रंग लावला होता. अंधारत आलं होतं, मी म्हटलं नको, इथून बाभळी लांब नाहीत. त्याने फेकला. पाच-सहा झटके, आणि काठी वाकली. हलली नाही. वाकलेलीच राहिली. त्याने इकडून ओढलं, तिकडून ओढलं, होडी फिरवून ओढलं, आणि लाईन "टण्" करून सुटली.

मोबाइल उघडून पाहिलं. ठिपका बाभळीवर होता.

"ऱ्हाऊ द्या," मामा वल्हं हातात घेत म्हणाले. "मे महिन्यात मी काढून ठिवतो."